मंत्रालयात नव्हे, सेवेत

वानवडीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चर्चतर्फे तरुणांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू होतोय. दुसऱ्या राज्यांत, दुसऱ्या भाषेच्या लोकांमध्ये जाऊन काम करायचं, त्याची तयारी इथे करून घ्यायची. इंग्रजी पत्रकावर 'क्रॉस-कल्चरल मिनिस्ट्री अँड मिशन ट्रेनिंग' असं आहे. मराठी पत्रक बाहेर करायला दिलं, तर हातात पडलं ते 'क्रॉस-सांस्कृतिक मंत्रालय आणि मोहीम प्रशिक्षण'. "हसून झालं," ताई लिहितात, "पण आता बरोबर काय लिहू?"

ताई, ते पत्रक फाडू नका, जपून ठेवा. एका ओळीत तीन चुका आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या, असा नमुना रोज मिळत नाही.

मंत्रालय मुंबईत आहे. तेही पूर्वी सचिवालय होतं, शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीत त्याचं मंत्रालय झालं. मंत्री म्हणजे मंत्र देणारा, मसलत करणारा. मसलतीला बसतो तो राजाच्या शेजारी, वरच्या जागी. लॅटिनमधला 'मिनिस्टर' नेमका उलट्या टोकाला उभा आहे. 'मिनुस' म्हणजे कमी, उणं. आपलं 'मायनस' त्याच घरातलं. मिनिस्टर म्हणजे कमी मानाचा माणूस, हाताखालचा, हरकाम्या. त्याच्या विरुद्ध 'माजिस्टर', 'माजिस' म्हणजे अधिक, म्हणून वरचढ माणूस. हा माजिस्टर इंग्रजीतून आपल्याकडे मास्तर होऊन आला आणि पोर्तुगीजांच्या तोंडून मिस्त्री होऊन. म्हणजे व्युत्पत्तीच्या दरबारात आमचे प्राथमिक शाळेतले मास्तर आणि गवंड्यांचा मिस्त्री हे दोघेही कुठल्याही मिनिस्टरपेक्षा मोठे. (शिक्षक संघटनांनी हा मुद्दा अजून कसा उचलला नाही, कोण जाणे.) इंग्लंडात राजाचा चाकर हळूहळू राज्यकारभार पाहू लागला आणि मिनिस्टर हा मंत्री झाला. चर्चमधल्या मिनिस्टरने मात्र जुना अर्थ सोडला नाही.

त्याच्याही मागे ग्रीक 'दियाकोनिया' आहे, म्हणजे सेवा. ही सेवा मुळात कसली, ते बायबलच्या नव्या करारात, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात फार छान दिसतं. (प्रेषित म्हणजे ख्रिस्ताचे निवडक शिष्य.) यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भांडण लागलं. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, हिब्रूवाल्यांच्या विधवांना मिळतं. प्रेषित म्हणाले, वचनाचं काम सोडून आम्ही पंगतीत वाढत बसणं बरं नव्हे, तुमच्यातलेच सात जण निवडा. निवडलेल्या सातांचीही नावं ग्रीक आहेत, स्तेफन त्यांच्यातलाच. आता गंमत बघा. रोजच्या वाटपाला मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे दियाकोनिया. पंगतीत वाढण्याला त्याच धातूचं क्रियापद. आणि प्रेषित स्वतःसाठी जे राखून ठेवतात त्या वचनाच्या कामालाही दियाकोनियाच. वाढप्याचं काम आणि उपदेशकाचं काम, शब्द एकच. शिवाय तुमच्या पत्रकातलं 'क्रॉस-कल्चरल' प्रकरण म्हणतात ते हेच, पहिल्याच मंडळीत, दोन भाषांच्या माणसांत आणि जेवणावरून!

तेव्हा मिनिस्ट्रीला मराठी शब्द शोधायची गरजच नाही. तो मराठी ख्रिस्ती घराघरांत आहे: सेवा. 'मुलगा सेवेत आहे', 'पूर्णवेळ सेवा करते', 'सेवाकार्य चाललंय'. आमच्या सोसायटीत एक वयस्कर पाळक राहतात. (पाळक म्हणजे पास्टर. पास्टरचाही मूळ अर्थ मेंढपाळच. 'पालक' लिहू नका, नाहीतर आईबाप तरी होतील किंवा पालेभाजी तरी.) त्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही सेवाच म्हणतो. सेवकाई म्हणतात ते हिंदीतून आलेले." हे खरं आहे. पुण्यात हिंदी प्रार्थनासभा बऱ्याच होतात, तिथला 'सेवकाई' मराठीतही ऐकू येऊ लागलाय. शब्द वाईट नाही, पण तो आपल्या वळणाचा नाही. मराठीत तो उंचाई, लंबाईच्या शेजारी बसतो.

सेवेची अडचण एकच. चर्चच्या दाराबाहेर पडली की ती सरकारी होते. 'सेवेत आहेत' म्हटलं की पुणेकर विचारतो, कुठल्या खात्यात? सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती, शिक्षकेतर सेवक ही सगळी मंडळी दबा धरून बसलेली असतात. म्हणून पत्रकाच्या मथळ्यात नुसतं 'सेवा' न लिहिता 'ख्रिस्ती सेवा' किंवा 'सेवाकार्य' लिहा. खाली मजकुरात नुसती सेवा चालेल, तोवर वाचकाला सूर सापडलेला असतो.

आता 'मिशन'. इथे 'मोहीम' चुकीची म्हणण्यापेक्षा भलत्याच घरची. मोहीम म्हटलं की घोडे खिंकाळू लागतात, किल्ला सर होतो, निदान डासनिर्मूलनाची फवारणी तरी होते. मिशनमागचं लॅटिन क्रियापद आहे 'मित्तेरे', धाडणे. मिशन म्हणजे धाडणं, पाठवणी. धर्मकार्यासाठी दूरदेशी माणसं पाठवणं या अर्थी तो शब्द रूढ झाला सोळाव्या शतकात, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघामुळे. ग्रीकमध्ये असा धाडलेला माणूस म्हणजे 'अपोस्तोलोस', आणि त्याला मराठी बायबलने दिलेला शब्द 'प्रेषित' हा अगदी काट्यावर तोललेला आहे: प्र अधिक इष्, पुढे धाडलेला. त्यामुळे 'प्रेषितकार्य' हा शब्द अर्थाने बिनचूक आहे. पण वानवडीच्या विशीतल्या पोराला तो जड जाईल. तुमच्या पत्रकात 'मिशनकार्य' ठेवा. मिशन हा शब्द मराठीत दोनशे वर्षं मुरलाय. मिशन हायस्कूल, मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड हे आता आपलेच शब्द आहेत.

'मिशनरी'चं मात्र जरा जपून. या शब्दाला मराठीत दोन स्वभाव आहेत. 'त्यांनी मिशनरी वृत्तीने शाळा चालवली' असं एखाद्या कट्टर नास्तिक मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभातही म्हणतात आणि टाळ्या पडतात. 'गावात मिशनरी आलेत' हे वाक्य मात्र कपाळाला आठी घालून म्हटलं जातं. एकाच वर्तमानपत्राच्या दोन पानांवर हे दोन्ही अर्थ एका दिवशी सुखाने नांदतात. विशेषण झालं की गौरव, नाम राहिलं की संशय. तुमच्या विद्यार्थ्यांना 'मिशनरी' म्हणायचं की 'सेवक', हे ते कुठे जाणार त्यावर ठरवा. शब्दकोशात त्याचं उत्तर नाही.

राहिला 'क्रॉस-कल्चरल'. 'क्रॉस' तसाच ठेवला तर ख्रिस्ती वाचक आधी वधस्तंभाकडे पाहणार, आणि क्रॉस-सांस्कृतिक म्हणजे क्रुसाची संस्कृती असं समजणार. 'कल्चर'ला 'संस्कृती' हा शब्द मात्र अभिमानाने लिहा. बंगालीत कल्चरला 'कृष्टि' म्हणत, रवींद्रनाथांच्या कानाला तो खुपायचा. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींना एका मराठी माणसाकडून 'संस्कृती' कळला, त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि बंगालीने तो उचलला. संस्कृती या शब्दाने आधीच एक सीमोल्लंघन केलेलं आहे.

तिच्यापुढे उपसर्ग कोणता? 'परसंस्कृती' व्याकरणात बसतो, पण 'पर' हा आपल्याकडे फार तापट उपसर्ग आहे. परगाव, परदेश इथवर ठीक. परप्रांतीय म्हटलं की राजकारण सुरू, आणि 'परधर्मो भयावहः' तर गीतेतच आहे. ज्या लोकांत प्रेमाने जायचं, त्यांना पत्रकातच परके ठरवू नये. 'आंतर' बरा. आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय, साने गुरुजींची आंतरभारती, या सगळ्यांत दोन्ही बाजूंनी ये-जा आहे. मथळ्यात 'आंतरसांस्कृतिक' लिहा. ('अंतर्सांस्कृतिक' नको, तो हिंदी वळणाचा.) मजकुरात सरळ 'दुसऱ्या संस्कृतीत', 'दुसऱ्या भाषेच्या लोकांत'. बोलताना आपण तसंच बोलतो.

या ये-जा करण्यात शब्दांचं काय होतं, त्याची मराठीतली सगळ्यात गोड खूण म्हणजे भाकर. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ मराठी ख्रिस्ती मूल शाळेत जाण्याआधी शिकतं. इंग्रजीत आहे 'ब्रेड'. शब्द हाताशी होता, पाव. पण पाव ही त्या काळी नुसती खायची वस्तू नव्हती, तो खाल्ला की माणूस बाटला अशी समजूत होती. देवाकडे बाटवणारी वस्तू कोण मागेल? भाकर रानात, चुलीवर, कुणाच्याही फडक्यात. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली आणि स्वर्गाला चक्क 'वैकुंठ' म्हटलं. पुढच्या भाषांतरकारांनी तो सोडून 'स्वर्ग' घेतला. वैकुंठात आधीच कुणीतरी राहतं, ही अडचण त्यांना जाणवली असणार. पंडिता रमाबाईंनी तर पुण्याजवळ केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं, ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. आंतरसांस्कृतिक कामाची एवढी तालीम फार थोड्यांनी केली असेल.

जेवणाखाण्यावरून आठवलं, आणि पुण्यात बसून हे टाळता येत नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुण्यातल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक होते, रानडे होते. कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता कप पुढे ठेवला. गोपाळराव जोशींनी नावांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांचा घोळ पुढे दोनेक वर्षं चालला. यरुशलेमच्या विधवांची पंगत आणि पंचहौदची कपबशी यांत अठराशे वर्षांचं अंतर, पण घोटाळा एकाच ठिकाणी: कोण कुणाला वाढतो आणि कोण कुणाच्या हातचं घेतो. तुमच्या अभ्यासक्रमात याला एक तास ठेवला असेल अशी आशा आहे.

'ट्रेनिंग'ला 'प्रशिक्षण' चालेल, त्यावर शाई घालवत नाही. पण त्याच्या शेजारच्या 'सेमिनरी'बद्दल दोन ओळी लिहितोच. सेमिनारियुम म्हणजे बियांचा वाफा, रोपवाटिका. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी असे वाफे करायचे ठरवले, तेव्हापासून हा अर्थ. मावळातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आंबेमोहोराचं रोप एका वाफ्यात वाढवतात आणि पावसाने जोर धरला की उपटून दुसऱ्या खाचरात लावतात. पुण्यातल्या मोठ्या सेमिनऱ्यांची स्वतःचीच अशी लावणी झालेली आहे. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ साली इथे आली. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली, १९८३ साली पुण्यात आली. पेपल सेमिनरीचं ब्रीद लॅटिन आहे: 'फिलीई तुई, इंडिया, अदमिनिस्त्री तिबी सालुतिस'. हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक. त्या 'अदमिनिस्त्री'त आपला मिनिस्टर बसलाय. तुमच्या पत्रकवाल्याने त्याचं 'तारणाचे प्रशासक' केलं असतं.

आमच्या पाळकांनी उमेदीची काही वर्षं मेळघाटात कोरकू वस्त्यांवर काढली. तिथे जायच्या आधी त्यांना बजावलं होतं, पहिले सहा महिने उपदेश करायचा नाही, भाषा शिकायची. त्यांची त्या वेळची वही मी पाहिली. कडा खाल्लेली, पाठपोटची शंभर पानी. डाव्या रकान्यात मराठी शब्द, मधे कोरकू शब्द देवनागरीत, आणि उजव्या रकान्यात तो कुणी शिकवला ते: 'विहिरीवरची म्हातारी', 'दुकानदाराचा धाकटा', 'धाकट्याची बहीण, हसून'. हे 'हसून' तीन-चार ठिकाणी आहे, म्हणजे तिथे उच्चार चुकला असणार. वही मिटत ते म्हणाले, "शिकवायला गेलो होतो, पण वहीभर मास्तर तिकडचेच." त्यांना लॅटिन येत नाही. मी माजिस्टर-मिनिस्टर सांगितलं तर म्हणाले, मग बरोबरच आहे की.

तर ताई, मथळा असा करा: 'आंतरसांस्कृतिक ख्रिस्ती सेवा व मिशनकार्य : प्रशिक्षणवर्ग'. त्याखाली बारीक अक्षरात 'दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या चालीरीतींच्या लोकांत राहून सेवा करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी'. आणि तुम्ही सोबत पाठवलेल्या प्रवेशअर्जात 'सेवेचा अनुभव (वर्षे)' असा रकाना आहे, तो 'ख्रिस्ती सेवेचा अनुभव' असा करून घ्या. नाहीतर कुणाचे तरी वडील अर्ज भरून देतील आणि तिथे लिहितील: वीज मंडळ, २२ वर्षे.