रिअलटाइममधला तो एक जण

"मॅडम, वेबसाइट सुरू करून सात महिने झाले, रोज लिहितो, ट्रॅफिक काही येत नाही, म्हणजे वाचायला कोणी येतच नाही, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही, घरचे म्हणतात नोकरी पाहा, तर आता सोडू का अजून थांबू?"

मी नागपुरात समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की आता पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं पाठ असल्यासारखं वाटतं. कोणाची वेबसाइट असते, कोणाचं यूट्यूब, कोणी इन्स्टावर साड्या विकून राहिलं असतं, पण रात्रीचे तीन सगळ्यांचे सेम. म्हटलं एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा एक केसच सांगते. पोराचं नाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात, आणि त्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला लिहा, फक्त साइटचं नाव टाकू नका, नाहीतर लोक बघायला येतील. म्हणाला आणि स्वतःच हसला. पहिल्या भेटीत हे वाक्य त्याला हसत म्हणताच आलं नसतं.

वय सत्तावीस. मानेवाड्याकडे घर, वडिलांचं नंदनवनला कूलरचं दुकान, म्हणजे पत्र्याची बॉडी ठोकणं, मोटर-पंप बसवणं, सीझनला ताट्यांमधलं गवत, म्हणजे वूडवूल, बदलून देणं, असं सगळं. हा आयटी पार्कमधे सपोर्टला होता, रात्रपाळी, पगार बरा. मग पस्तीस हजार भरून डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला, तिथले सर दर रविवारी डॉलरचे स्क्रीनशॉट दाखवायचे, आणि तिसऱ्या महिन्यात याने राजीनामा टाकला. वडिलांना सांगताना भांडण झालं आणि भांडणात हा बोलून गेला की मी जिंदगीभर कूलर ठोकणार नाही. बाप-लेक तेव्हापासून जेवायला वेगवेगळ्या वेळी बसत.

साइट कशाची, तर लॅपटॉप आणि इअरफोनच्या रिव्ह्यूची, इंग्रजीत, खाली अफिलिएट लिंक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तुमच्या लिंकवरून कोणी जाऊन ती वस्तू घेतली तर दुकानवाली कंपनी तुम्हाला थोडं कमिशन देते. धंदा खोटा नाही, यावर घर चालवणारे लोक आहेत. पण याने एकशे चाळीस लेख लिहिले होते आणि त्यातला एकही लॅपटॉप हातात घेतला नव्हता. समोर कोण, तर ज्यांच्याकडे मशीन टेस्ट करायला आख्खी टीम आहे अशा मोठमोठ्या साइट. एक अफिलिएट खातं तर बंदही पडलं होतं, कारण नियमच असा होता की पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या पाहिजेत, आणि याची झाली होती एक. ती पण मामेभावाने केलेली.

पहिल्या भेटीत चाळीस मिनिटांत त्याने सात वेळा फोन पाहिला. मी मोजत होते, सवय आहे. सातव्यांदा विचारलं, काय बघून राहिलास? त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. गूगल अ‍ॅनालिटिक्सचं रिअलटाइम, म्हणजे गेल्या तीस मिनिटांत साइटवर किती जण आले ते. तिथे १ आकडा होता. मी म्हटलं, अरे वा, आहे की कोणीतरी.

तो म्हणाला, "तो एक जण मीच असतो मॅडम. शून्य दिसलं की घाबरल्यासारखं होते, मग मी दुसऱ्या फोनवरून साइट उघडतो."

मी त्या दिवशीच्या नोट्समधे फक्त हे वाक्य लिहिलं होतं.

घरी करायला पहिलं काम दिलं ते साधं, खिशात कागद ठेव आणि जितक्या वेळा आकडा पाहशील तितक्या वेळा रेघ मार. थांबवायचं नाही, फक्त मोजायचं. पुढच्या आठवड्यात कागद घेऊन आला, एका दिवसाच्या रेघा एकोणसत्तर. स्वतःलाच पटेना. स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग आम्हाला एम.ए.ला होते. टोच मारली की दरवेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरल्यावर निवांत होतं, पण कधी मिळेल कधी नाही असं ठेवलं की ते टोचतच राहतं, आणि मग दाणा बंद केला तरी लवकर थांबत नाही. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे मी कबुतर. म्हटलं, आपण सगळेच, मी पण व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिका बघते.

दुसरी गोष्ट त्याने चौथ्या भेटीत सांगितली, मान खाली घालून. ट्रॅफिक विकत घेतलं होतं. बाराशे रुपयांत दहा हजार व्हिजिटर. दोन दिवस आकडा असा वर गेला की त्याने आईला जिलबी आणून दिली, कारण नाही सांगितलं. मग शहरांची यादी उघडली तर सगळ्यात वर अ‍ॅशबर्न. नागपूर कुठे खाली. त्याला वाटलं अमेरिकेत आपली साइट चालली! मी विचारलं, हे अ‍ॅशबर्न काय आहे, कोण राहतं तिथे? मग आम्ही दोघांनी मिळून तिथेच शोधलं. व्हर्जिनिया राज्यातलं गाव, डेटा सेंटरसाठी प्रसिद्ध, मशीनकडून येणाऱ्या भेटी बऱ्याचदा तिथल्या दिसतात. बाजूच्या रकान्यात सरासरी किती वेळ थांबले ते होतं. शून्य सेकंद. दहा हजार "लोक" आले आणि एकानेही एक ओळ वाचली नाही. नशीब की साइटवर जाहिराती लागलेल्या नव्हत्या, असल्या खोट्या ट्रॅफिकवर अ‍ॅडसेन्सचं, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचं, खातं बंद होऊ शकतं.

मे २०२४ मधे आपल्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ डिग्री दाखवलं होतं, आठवते न? देशभर व्हायरल झालं, बाहेरगावचे नातेवाईक फोन करकरून विचारत होते जिवंत आहात का, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मी त्याला तेच म्हटलं, बाबा, तुझं अ‍ॅशबर्न म्हणजे छप्पन डिग्री आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती इथेच झाली. मला फार हुशारी सुचली. म्हटलं, अरे तुझ्या घरातच धंदा आहे, कूलरची वेबसाइट काढ की! तो काहीच बोलला नाही. हो मॅडम म्हणाला, फी दिली, गेला, आणि तीन आठवडे आला नाही. फोन नाही, मेसेज नाही. सुपरव्हिजनमधे माझ्या सीनिअर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तू वडिलांच्या बाजूने जाऊन बसलीस, दुसरं काय. खरंच की. ज्या वाक्यावरून घर तुटलं होतं त्याच वाक्यावर मी पाय दिला होता, आणि मी समुपदेशक आहे, बिझनेस कन्सल्टंट नाही, हे विसरले होते.

आला तेव्हा मी आधी सॉरी म्हटलं. मग असंच बोलता बोलता विचारलं, तुझी साइट ओळखीच्या कोणी कोणी पाहिली आहे? कोणीच नाही. आई-वडील, मित्र, जुन्या ऑफिसातले, कोणालाच त्याने लिंक पाठवली नव्हती. मामेभावाला फक्त खरेदीची लिंक दिली होती, साइट नाही दाखवली. इतक्या महिन्यांत एकालाही नाही! काहून, तर ते हसले तर? अनोळखी दहा हजार त्याला पैसे देऊन चालत होते, ओळखीचा एक फुकटात चालत नव्हता. तो ट्रॅफिकला घाबरत होता म्हटलं तरी चालेल. मला विचाराल तर ही केस तिथे उलगडली, त्याआधीचं सगळं मी उगाच आकड्यांवर बोलत होते.

म्हणून पुढचं काम, एका माणसाला दाखवायची. एकालाच, आणि तू समोर बसून. कोणाला दाखवशील, यावरच अर्धा तास गेला. शेवटी वहिनी ठरली, कारण वहिनी तोंडावर बोलते पण मागे बोलत नाही.

वहिनीने फोन हातात घेतला, अंगठ्याने वर सरकवलं, परत खाली आणलं, आणि म्हणाली, "भाऊजी, हे तुम्ही लिहिलं? मला तर दोन ओळीत झोप आली बाप्पा."

ज्याची इतके महिने भीती होती तेच झालं. आणि काही झालं नाही! तो मला सांगत होता, मॅडम, पाच मिनिटं कान गरम झाले मग चहा पिला. वहिनी पुढे म्हणाली की त्यापेक्षा हे सांगा, आमच्या बेडरूमच्या कूलरला कुबट वास काहून येते, बाबांना विचारायला मला कसंतरी वाटते. त्याला उत्तर माहीत होतं, लहानपणापासून ऐकलेलं. टाकीत पाणी साचून राहतं, जुन्या वूडवूलमधे शेवाळ-बुरशी धरते, आधी टाकी रिकामी करून घासायची, वूडवूल बदलायचं, आणि मधे मधे कूलर पाणी बंद ठेवून नुसत्या पंख्यावर चालवून ताट्या वाळू द्यायच्या. त्याने ते रात्री लिहून काढलं, मराठीत, जसं वहिनीला सांगितलं तसंच. सोबत घरच्याच कूलरचे चार फोटो, एकात वहिनीचा हात दिसतो. वहिनीला लिंक पाठवली, तिने आपल्या खोलीत उघडली, याने लगेच रिअलटाइम पाहिलं. तिथे २ होते. एक हा, एक वहिनी. हे सांगताना त्याचा चेहरा जसा होता तसा दहा हजारांच्या वेळी नसेल.

पुढचं तांत्रिक काम त्याने त्याचंच केलं, मी त्यात पडले नाही, एकदा हात पोळले होते. एवढं माहीत आहे की रोजचं अ‍ॅनालिटिक्स फोनवरून काढून टाकलं आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी, सर्च कन्सोल बघायचं ठरलं. ते फुकट असतं आणि त्यात लोकांनी गूगलवर नेमकं काय टाइप केलं ते दिसतं. म्हणजे नुसता आकडा नाही, माणसाचा प्रश्न दिसतो. "कूलर मधून वास येतो काय करावे", "कूलर थंडी हवा देत नाही", "कूलर पंप पाणी फेकत नाही". त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याने एकेक करून लिहिलं, आणि जिथे अडलं तिथे दुकानात जाऊन कारागिराला विचारलं, वडिलांना नाही, कारागिराला. दुकानाचं गूगलच्या नकाशावर नाव टाकायचं काम वहिनीने बापाकडून करवून घेतलं, त्यात पाटीचा आणि आतल्या मालाचा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो, तो काढायला हाच गेला.

आणि सोडू का थांबू, त्याचं काय? त्याचं उत्तर मी कोणालाच देत नाही. कागदावर दोन गोष्टी लिहायला लावते, किती पैसे अजून घालू शकतोस आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्याने ऑगस्टअखेर लिहिलं, आणि तोवर घरून अर्धवेळ सपोर्टचं काम धरलं. गूगलचेच लोक सांगतात की साइटवर केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, कोर्सवाले सर हे सांगत नव्हते. झोप मात्र काम धरल्यावर आठवडाभरात सुधारली, मला वाटतं वेबसाइटपेक्षा पगाराने सुधारली. तुमच्यापैकी कोणाला झोपेचं सोडाच, जगणंच नको वाटत असेल, कर्जाने घेरलं असेल, तर लेख वाचत बसू नका, टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मे महिन्यात त्याला गूगलवरून दिवसाला चाळीस-पन्नास लोक येत होते. फार नाही. पण ते नागपूर, अकोला, चंद्रपूर, अमरावतीचे होते, आणि थांबून वाचत होते.

मग जूनच्या शेवटी परत फोन, आवाज तोच जुना. मॅडम संपलं, गूगलने साइट मारली, सरळ सहावर आलो. म्हटलं ये. आला तर सोबत वडील. ते पहिल्यांदाच माझ्या सेंटरवर आले होते, खुर्चीच्या कडेवर बसले, हातातली थैली खाली ठेवेनात. पोट्टा बोलत होता, कोणतं तरी अल्गोरिदम बदललं असणार, आणि ते फोनकडे बघत होते. मग चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ग्राफवर बोट ठेवलं.

"हे खाली कधी आलं?"

"अठरा तारखेला."

"मग बरोबर आहे न. त्या दिवशी पावसाचं पाणी आलं." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, माझ्या दुकानात पण त्या दिवसापासून कुत्रं येत नाही. कूलरचा धंदा आहे, जूनमधे बुडतेच. तीस साल झाले मला बुडता बुडता."

पोरगा गप्प. मला हसू येत होतं पण आवरलं. मी विचारलं, काका, मग जुलैत तुम्ही करता काय?

"पत्रा घेतो. ह्या दिवसात स्वस्त भेटते."

त्याने फोन खिशात टाकला आणि वडिलांना विचारलं, "काय भावाने?"