वाचकांचे प्रश्न : सातचा रिफ, ऊदचा गंधार

प्रश्न : एका प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा नवा अल्बम ऐकतोय. जॅझ, अरबी सूर, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं त्यात आहे. पण ताल मोजायला गेलो की दोन-तीन बारांत (तालाच्या आवर्तनांत) चुकतो. लक्ष कुठे ठेवायचं?

उत्तर : गिटार मोजू नका, स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) पकडा. अशा गाण्यांत पुष्कळदा सिंबल आणि स्नेअर साध्या चार ठोक्यांच्या बारात चालतात, आणि गिटार व बेस ड्रम मिळून वेगळ्या लांबीचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) फिरवतात. समजा, रिफ ७ अर्ध्या ठोक्यांचा आहे. चारच्या बारात ८ अर्धे ठोके, म्हणजे दर फेरीला रिफ अर्धा ठोका आधी सुरू होतो. चौथी फेरी येते तेव्हा तो दीड ठोका आधीच सुरू झालेला असतो आणि कान त्यालाच सम समजतो. तुम्ही चुकता ते इथेच.

८ फेऱ्या आणि ७ बार, दोन्हींचे होतात ५६ अर्धे ठोके. तिथे दोघे आपसूक एकत्र येतात. पण गाणं बहुधा ८ बारांच्या हिशेबात बांधलेलं असतं, म्हणजे ६४. ९ फेऱ्यांचे ६३, एक उरतो. मग शेवटची फेरी ८ची करून समेवर येतात. ही जोडणी एकदा कानाला सापडली की गाणं उलगडतं! स्नेअर फक्त तिसऱ्या ठोक्यावर पडत असेल, तर तिथून दोन ठोके मागे पहिला.

प्रश्न : आमच्या गाण्यात ऊद (बिनपडद्याचं अरबी तंतुवाद्य) आहे. दोन डिस्टॉर्टेड (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाच्या) गिटारी सुरू झाल्या की ऊद गायब होतो, आणि ऐकू आला तरी बेसूर वाटतो.

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. डिस्टॉर्शनमुळे गिटारचा आवाज एकाच पातळीवर टिकून राहतो. ऊदचा स्वर छेडल्याक्षणी विरू लागतो आणि त्यावर गिटार बसते. नुसता ऊद वाढवून भागणार नाही. आधी गिटारींचा गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) उतरवा. गिटारी पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, ऊद मधोमध. गिटारींतून १.५ ते २.५ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल काढा आणि ८० हर्ट्झच्या खालचं बेससाठी सोडा.

बेसूर वाटण्याचं कारण पडद्यांत आहे. रास्त मकाममधला (मकाम म्हणजे अरबी संगीतातली रागासारखी स्वररचना) गंधार षड्जापासून साधारण ३५० सेंटवर असतो (गिटारच्या लागोपाठच्या दोन पडद्यांत १०० सेंट). गिटारच्या पडद्यांवर मिळतात ३०० किंवा ४००. ऊद तो स्वर लावत असताना गिटारीने गंधार धरला की दोन्ही एकमेकांवर घासतात. तिथे फक्त षड्ज-पंचमाचा पॉवर कॉर्ड वाजवा. ऊदची ओळ गिटारीवर दुप्पट करायचा मोह होईल. फ्रेटलेस (बिनपडद्याची) गिटार नसेल तर तो टाळाच.

प्रश्न : मेटलमध्ये इतर संगीत मिसळलेले अल्बम कुठून ऐकायला घ्यावेत?

उत्तर : जॅझसाठी सिनिकचा ‘फोकस’ (१९९३), मध्यपूर्वेच्या सुरांसाठी ऑर्फन्ड लँडचा ‘माबूल’ (२००४), सॅक्सोफोनसाठी इसानचा ‘आफ्टर’ (२०१०). ‘फोकस’ हेडफोनवर ऐका. बेसच्या ओळी छोट्या स्पीकरवर हरवतात.