मुंबई ते ऑकलंड: अंतर किती आणि वेळ किती

आपण फेब्रुवारीत सहकुटुंब ऑकलंडला स्थायिक होण्यासाठी नाशिकहून निघणार आहात आणि मुंबई ते ऑकलंड अंतर किती, वेळ किती लागेल, तसेच दुबईमार्गे मिळणारे स्वस्त तिकीट घ्यावे का, असे विचारले आहे. मी मूळचा नाशिकरोडचा असून सध्या ऑकलंडला राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे आणि या दोन शहरांमध्ये थेट विमानसेवा नाही. सिंगापूर जवळजवळ याच सरळ रेषेवर येते. मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि पुढचा टप्पा सुमारे ८,४०० किलोमीटर, म्हणजे तेथे थांबूनही वळसा नगण्यच पडतो. उड्डाणाचे तास साडेपाच आणि दहा धरावेत. दुबई मात्र पश्चिमेला असून दुबई-ऑकलंड एवढेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. मुंबई गाठण्यासाठी आधी धुळ्याला जावे, तसा हा प्रकार आहे. लहान मुले बरोबर असताना सोळा तासांच्या आसपासची सलग बैठक मी तरी पैशांसाठी पत्करणार नाही. ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट स्वस्त दिसले, तर भारतीय पारपत्रधारकांना तेथे केवळ विमान बदलण्यासाठीही आधी ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

तिकिटावर दिसणाऱ्या वेळेत आपला नाशिक-सहार प्रवास धरलेला नसतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्यापुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी काही चुकत नाही. त्यामुळे रस्त्यासाठी पाच तास आणि विमानतळावर तीन तास हाताशी ठेवावेत. सिंगापूरचा थांबा तीन-चार तासांचा असल्यास घरापासून घरापर्यंत अठ्ठावीस तासांच्या आसपास लागतात.

फेब्रुवारीत ऑकलंडचे घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असते, तर तिकडच्या हिवाळ्यात साडेसहा. शनिवारी रात्री साडेअकराला मुंबईहून उडालात आणि एकूण अठरा तास लागले, तर उतरताना तेथे मध्यरात्र उलटून सोमवार लागून तास झालेला असेल. अख्खा रविवार प्रवासातच गेला. सोमवारी सकाळी कामावर रुजू होण्याचे किंवा मुलांच्या शाळेचे कबूल करू नये.

तिकीट एकाच आरक्षणावर, सामान थेट ऑकलंडपर्यंत जाईल असे घ्यावे. वेगवेगळी तिकिटे काढल्यास सिंगापुरात सामान घेण्यासाठी बाहेर पडावे लागू शकते आणि मग तेथील व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

उतरल्यावर जैवसुरक्षा तपासणीच्या रांगेसाठीही वेळ ठेवावा. चिवडा, मसाले, लोणचे, जे असेल ते अर्जात नोंदवावे. न नोंदवलेली निषिद्ध वस्तू सापडल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध मात्र घरीच ठेवून यावे, आणि ब्रह्मगिरी चढलेले बूट माती काढून, धुऊनच बॅगेत भरावेत.