सेटअप १६०३ देऊन परत फिरतं, आणि रिलीज नोट्समधल्या ‘ज्ञात मर्यादा’ किती मनावर घ्यायच्या?

१६०३ हा विंडोज इन्स्टॉलरचा एरर क्रमांक आहे, कारण नाही. सेटअपने हात टेकले, एवढाच त्याचा अर्थ. का टेकले ते दुसरीकडे लिहिलेलं असतं.

तुमचं म्हणणं असं, की हिशेब आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नव्या सर्व्हरवर टाकताना पट्टी नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, मग उलटी फिरते आणि १६०३ दाखवून बंद होते. सपोर्टवाले ‘विंडोज फॉरमॅट करून बघा’ म्हणतात. त्यात रिलीज नोट्समधली (म्हणजे नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणांतली) ‘ज्ञात मर्यादा’ ही यादी वाचून आता अपग्रेड करावं की नाही असा प्रश्न पडलाय. माझं पोट अशी सॉफ्टवेअरं दुसऱ्यांच्या मशीनवर चढवण्यावरच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फॉरमॅट एवढ्यात करू नका.

सेटअप एमएसआय फाइल (विंडोज इन्स्टॉलरची फाइल) असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि ती फाइल चालवणाऱ्या एमएसआयएक्झेक कमांडला स्लॅश-एल-स्टार-व्ही हा स्विच देऊन पूर्ण लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची नोंद, काढा. हजारो ओळी येतील. बहुतेक जण त्या शेवटून वाचायला घेतात आणि फसतात, कारण शेवटी असतात त्या केलेलं सगळं पुसून टाकल्याच्या, म्हणजे रोलबॅकच्या नोंदी. वरून सुरुवात करा आणि ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा, अर्थात इंग्रजीत. पहिल्यांदा सापडेल तिथे थांबा आणि त्याच्या वरच्या पंधरा-वीस ओळी वाचा. चोर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

नेहमीचे चोर तसे ठरलेले. इन्स्टॉलेशनचं मुख्य काम विंडोज तुमच्या नावाने करत नाही, सिस्टिम अकाउंटच्या नावाने करतं. त्या अकाउंटला फोल्डरवर पूर्ण परवानगी नसेल किंवा फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल तर १६०३ आलाच. मी स्वतः एकदा अर्धा दिवस घालवलाय. सेटअप नेटवर्कवरच्या झेड ड्राइव्हवरून चालवत होतो. मला तो ड्राइव्ह ढळढळीत समोर दिसत होता, सिस्टिम अकाउंटच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. फाइल सी ड्राइव्हवर आणली आणि चहा संपायच्या आत काम झालं. झिप न उलगडता आतूनच सेटअपवर डबल क्लिक करणारेही कमी नाहीत. मग शेजारच्या फाइली त्याला सापडत नाहीत.

पण ‘नवा सर्व्हर’ आणि ‘नव्वद टक्के’ हे एकत्र वाचून मला वेगळाच संशय येतो. या टप्प्यावर बरीच सॉफ्टवेअरं सोबतचं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टचं मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर) बसवून सुरू करायला बघतात. विंडोज ११ आणि काही नव्या एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) अशी जोडी असली की डिस्क आपला सेक्टर, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा सगळ्यात लहान तुकडा, ४०९६ बाइटपेक्षा मोठा सांगते, ८१९२ किंवा १६३८४. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ आणि ४०९६ एवढेच चालतात, त्यामुळे त्याची सर्व्हिस उभीच राहत नाही. विंडोजमधल्या एफएसयुटिलच्या सेक्टरइन्फो कमांडने दोन मिनिटांत खात्री होते. उपाय रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या, एका नोंदीचा आहे, मायक्रोसॉफ्टनेच तो दिलाय. नोंद करा, मशीन रीस्टार्ट करा, एसक्यूएल पुन्हा बसवा. डिस्क फॉरमॅटनंतरही तेच आकडे सांगणार, म्हणून वर थांबवलं.

पुढे १६१८ हा क्रमांक दिसला तर दुसरं काही तरी इन्स्टॉल होत असतं, बहुधा विंडोज अपडेट, थांबा. ३०१० ही चूकच नाही. काम झालंय, फक्त रीस्टार्ट हवाय. सर्व्हरवर चाललं पण बाकीच्या मशीनवरून जोडलं जात नसेल, तर एक्स्प्रेसमध्ये टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडणी घेण्याची सोय) मुळात बंद असतं ते आधी चालू करा, मग फायरवॉल बघा.

आता मर्यादांकडे. माझ्या मते रिलीज नोट्समधला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच. ‘ज्ञात त्रुटी’ म्हणजे पॅच, म्हणजे दुरुस्ती, येईल अशी निदान आशा. ‘ज्ञात मर्यादा’ म्हणजे हे असंच राहणार, जमत असेल तर घ्या. एक उद्योग करा, मागच्या दोन आवृत्त्यांच्या नोट्स शेजारी ठेवून वाचा. गेल्या वेळी त्रुटींत असलेली ओळ यंदा मर्यादांत सरकली असेल तर कंपनीने तो नाद सोडलाय असं समजा.

काही मर्यादा खालच्या थरातून येतात. एसक्यूएल एक्स्प्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची कमाल आहे. नुसत्या नोंदींना ती वर्षानुवर्षं पुरते, पण बिलांच्या स्कॅन केलेल्या प्रती सॉफ्टवेअर डेटाबेसमध्येच ठेवत असेल तर बघता बघता भरते, आणि मग एके सकाळी नवी नोंद घ्यायला नकार. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा एसक्यूएल एजंटही नाही, त्यामुळे वेळच्या वेळी होणारा बॅकअप तुम्हालाच विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे, हे सगळ्यांना ‘माहीत’ असतं. तरी २०२० मध्ये इंग्लंडमध्ये याच पायी कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले होते. तुमच्या निर्यातीत जुना फॉरमॅट असेल तर एकदा मोठा अहवाल काढून ओळी मोजाच.

माझा स्वतःचा फटका याहून साधा होता. ‘वापरकर्त्याने बदललेले रिपोर्ट नव्या आवृत्तीत येत नाहीत’ ही ओळ मी वाचली आणि सोडून दिली. ग्राहकाच्या बिलाचा नमुनाच तसा बदललेला होता, हे महिनाअखेरीला कळलं. मागे जायला वाट नव्हती, कारण अपग्रेडने डेटाबेसची रचना बदलली होती, आणि एसक्यूएलच्या नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनीवर चढत नाही.

म्हणून तुम्ही आजचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर जुन्याच आवृत्तीत उघडून बघा. उघडला नाही तर तो बॅकअप नव्हे. मग त्याच प्रतीवर नवी आवृत्ती टाकून गेल्या महिन्याची अखेर पुन्हा करा, मर्यादांची यादी हातात धरून. जी ओळ तुमच्या रोजच्या कामाला आडवी येते तिच्याबद्दल व्हेंडरला लेखी विचारा. अशी एकही नसेल तर खुशाल अपग्रेड करा.

लॉगमधल्या त्या वीस ओळी सापडल्या तर खाली टाका, बघतो. टाकण्याआधी सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड त्यातून पुसा. काही सेटअप पासवर्ड लॉगमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवतात.