ठिपके नाहीत, म्हणून चित्र खोटं?

प्रश्न : माझी मुलगी पर्थला असते. तिनं तिथल्या एका नूंगार चित्रकर्तीचं चित्र पाठवलंय. सहा पट्टे, प्रत्येकात वेगळी फुलं, एकात केशरी फुलांनी पेटलेलं झाड. मागे 'सहा ऋतू' असं लिहिलंय. शेजारी म्हणतात, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी चित्रात ठिपके हवेतच, ही नक्कल असणार. आणि ते केशरी झाड म्हणजे वसंत समजायचा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांना सांगा, ठिपक्यांची ती चित्रं मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी लोकांची. पापुन्या वस्तीत १९७१पासून ती बोर्डावर, मग कॅनव्हासवर आली आणि जगभर गाजली. नूंगार लोक तिथून हजाराहून जास्त किलोमीटर लांब, नैऋत्य कोपऱ्यातले. त्यांच्याकडे निसर्गचित्रांची स्वतंत्र परंपरा आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कॅरोलप इथल्या सरकारी वस्तीतली नूंगार मुलं खडूंनी आपला मुलूख रंगवत. त्यातली बरीच चित्रं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पडून होती, ती २०१३मध्ये पर्थच्या कर्टिन विद्यापीठात परत आली. बिंदू मोजून अस्सलपणा ठरवायची सवय आपण सोडलेली बरी. चित्रकर्तीचं नाव, तिचा समाज आणि गाव कागदावर आहे का, ते मुलीला विचारा.

आता झाड. वसंत मुळीच नाही! नूंगारांच्या सहा ऋतूंतला बिरक, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा कडक, कोरडा उन्हाळा. झाडाचं नाव मूजार. आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाच्याच कुळातलं, पण जमिनीवर उभं राहतं आणि शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी ओढतं. नूंगार श्रद्धेनुसार मृतांचे आत्मे पुढच्या प्रवासाआधी या झाडावर विसावतात, म्हणून त्याची फुलं तोडायची नाहीत. चित्रात ते नुसतं शोभेला नसावं.

बिरकनंतर बुनूरू, जेरन, माकुरू, जिल्बा, कांबारंग. बुनूरूत मॅरी झाडं पांढरी फुलतात, जिल्बात बाभळीची भाऊबंद झाडं पिवळी होतात, कांबारंगात ऑर्किडं आणि कांगारू पॉ नावाचं लाल-हिरवं फूल. माकुरू थंडी-पावसाचा, जून-जुलैचा. आपल्या षड्ऋतूंशी जोड्या लावत बसू नका. गोलार्ध उलटा आहे, आणि तिथे ऋतू तारखेला सुरू होत नाही. काय फुललं, वारा कुठून आला, यावरून तो आला असं म्हणतात.

फुलं न रंगवताही हे ऋतू रंगवता येतात. नूंगार चित्रकार शेन पिकेट (१९५७–२०१०) यांची उत्तरकाळातली ऋतुचित्रं शोधून पाहा. एकही फूल ओळखू येत नाही, नुसते रंगांचे झोत. मला स्वतःला फुलांच्या चित्रांपेक्षा तीच जास्त भिडतात, पण तुमच्या दिवाणखान्यात मूजारच शोभेल. फक्त समोरासमोर ऊन येईल अशा भिंतीवर टांगू नका, केशरी रंग उडेल.