खानावळीच्या हिशेबासाठी नेटिव्ह ॲप की वेब ॲप?

प्रश्न : मी एकटाच सॉफ्टवेअर तयार करतो. सदाशिव पेठेतील विद्यार्थ्यांच्या खानावळींसाठी हजेरी, खाडे आणि महिन्याचे बिल सांभाळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आहे. तो अँड्रॉइड आणि आयफोनसाठी स्वतंत्र नेटिव्ह ॲप (त्या-त्या फोनसाठी वेगळे लिहिलेले, डाउनलोड करून घ्यायचे ॲप) म्हणून करावा, की ब्राउझरमध्ये उघडणारे वेब ॲप पुरेल?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण वेब ॲपपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना फक्त खाडा कळवायचा आणि बिल पाहायचे असते. तेवढ्यासाठी कोणी ॲप डाउनलोड करत बसणार नाही, भिंतीवरचा क्यूआर कोड मात्र सहज स्कॅन करील. नेटिव्हचा मार्ग धरल्यास आयफोनसाठी स्विफ्ट आणि अँड्रॉइडसाठी कोटलिन अशा दोन प्रोग्रॅमिंग भाषांचे दोन संसार आपल्याला एकट्याने चालवावे लागतील. ॲप प्रसिद्ध करण्यासाठी ॲपलचे शुल्क वर्षाला 99 डॉलर, गूगल प्लेचे एकदाच 25 डॉलर आहे. शिवाय गूगल प्लेवर नोव्हेंबर 2023 च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप प्रसिद्ध करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते.

पेठेतल्या जुन्या वाड्यांत ऐन जेवणाच्या वेळी रेंज जाते, हे आपण जाणताच. त्यासाठी सर्व्हिस वर्करच्या (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) आधारे पान ऑफलाइन उघडेल आणि हजेरी आधी इंडेक्स्ड-डीबीमध्ये (ब्राउझरच्या फोनवरील साठ्यात) उतरेल, अशी रचना करावी; परंतु ती नोंद रेंज येताच सर्व्हरवर गेलीच पाहिजे, कारण एखादी साइट न उघडता सफारीच्या, म्हणजे आयफोनवरील ब्राउझरच्या, वापराचे सात दिवस उलटले, की सफारी त्या साइटने फोनवर साठवलेली अशी माहिती पुसून टाकते. दिवाळीच्या सुट्टीत नेमके हेच घडू शकते. होम स्क्रीनवर घेतलेल्या वेब ॲपला हा नियम लागू नाही. आयफोनवर सूचना पाठवण्याची सोयही आयओएस 16.4 पासून, म्हणजे मार्च 2023 पासून, अशाच वेब ॲपला मिळते. म्हणून मालकाच्या फोनवर ते आपण स्वतः बसवून द्यावे.

खरी अडचण आहे ती छापील बिलाची. वेब ॲपला ब्लूटूथ उपकरणांशी जोडणारी वेब ब्लूटूथ ही सोय सफारीत नाही. अँड्रॉइडच्या क्रोम ब्राउझरमध्ये ती आहे, पण केवळ ब्लूटूथ लो एनर्जी या कमी वीज वापरणाऱ्या प्रकारापुरती, आणि गल्ल्यावरचे बरेच स्वस्त थर्मल प्रिंटर जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर चालतात. तेव्हा कोड पुढे नेण्याआधी दोन-चार खानावळींत जाऊन प्रिंटर पाहून यावेत. ते क्लासिक निघाले आणि मालकांना कागदच हवा असेल, तर गल्ल्यावरचा तेवढा भाग अँड्रॉइडसाठी नेटिव्ह करावा. मुलांसाठी वेबच ठेवावे.