छोटा हत्ती घेऊन पार्सलचं कंत्राट धरू का?

प्रश्न : काका, मी खानापूरचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साडेचार वर्षं कामाला आहे. पगार १९ हजार, त्यात बेसिक १३ हजार. एक कुरिअर कंपनी जांबोटी-कणकुंबीचा एरिया कंत्राटावर देतेय. पोचलेल्या पार्सलामागे १५ रुपये, रोज शंभर पार्सलं येतील म्हणतात. छोटा हत्ती घ्यायला ५ लाखांचं कर्ज काढावं लागेल. डिपॉझिट ५० हजार, त्यासाठी आईची बोरमाळ सोसायटीत ठेवीन. गाडी येईपर्यंत मित्राची ओम्नी वापरायचा विचार आहे. नोकरी सोडू का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : बोरमाळ आधी कपाटात ठेव. मग बोलू.

ट्रान्सपोर्टवाल्यांची खाती लिहिण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे पत्र वाचताना हात आपोआप कागदाकडे गेला. रोज शंभर पार्सलं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३९ हजार. इथवर कंपनीच्या माणसानंही तुला करून दाखवलं असेल. पुढची वजाबाकी तो दाखवत नाही. ५ लाखांना ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १०,९०० रुपये. कणकुंबीला जाऊन येऊन, आडवाटेच्या वाड्यांत शिरून रोजचे ९० किलोमीटर कुठे गेले नाहीत. लिटरला १८ चं ॲव्हरेज आणि ९० रुपये डिझेल धरलं तर महिन्याला ११,७०० होतात. मालवाहू गाडीच्या विम्यात नुसत्या थर्ड पार्टीचेच वर्षाला १६ हजार जातात, बाकीचं धरून महिन्याला अडीच हजार काढून ठेव. टायर-सर्व्हिसिंगला तीन. शिल्लक १०,९००. आज तुला १९ मिळतात.

आणि हे शंभरच्या शंभर पोचली तर. जांबोटीच्या पुढे घरं किती लांब लांब आहेत ते तुला मी काय सांगणार! फोनला रेंज नाही, माणूस शेतात, कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल नवऱ्यानं मागवलेलं आणि बायको म्हणते, नको. ते परत गेलं की तुला शून्य, डिझेल मात्र जळालेलंच. सत्तर पोचली तर २७,३०० येतील आणि वरचा खर्च २८,१०० आहे. म्हणजे महिनाभर राबून खिशातले ८०० घालायचे. पावसाळ्यात कणकुंबीकडचा पाऊस धो धो लागला की चार दिवस गाडी दारात उभी राहील. बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

तुझी खरी जोखीम इथे आहे. पार्सलं कमी झाली, तर कंपनीला फक्त तुझं बिल कमी द्यावं लागतं, तुझा हप्ता आणि डिझेल मात्र तसंच राहतं. म्हणून करारात बघायचं ते हे, की महिन्याला किमान इतके पैसे देऊच असं कुठे लिहिलंय का? बहुतेक नसेल. दर एकतर्फी बदलता येतो का, कंत्राट किती दिवसांच्या नोटिशीवर तोडता येतं? ३० दिवसांच्या कंत्राटावर ६० महिन्यांचं कर्ज काढू नये. हरवलेलं पार्सल आणि कॅशमधली तूट तुझ्या बिलातून वळती होईल, ती डिपॉझिटमधूनही कापता येते का? वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाबाहेरचा निवाडा, बेंगळुरूला की गुरुग्रामला? दहा हजारांच्या भांडणासाठी तिथवर कोण जाणार?

ओम्नीचं तर डोक्यातून काढूनच टाक. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीतून भाड्याचा माल नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारते. समोरच्याला द्यावी लागलेली रक्कमही मालकाकडून वसूल करायला बघते. म्हणजे मित्रही गेला.

नोकरीतलं काय सुटतंय तेही बघ. पगार २१ हजारांच्या आत असल्यामुळे तुझा ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा आहे, त्यावर आईचाही दवाखाना होत असेल. कंत्राटदाराला ना ईएसआय, ना पीएफमधला मालकाचा वाटा. तू आठ दिवस तापानं पडलास तर बदली ड्रायव्हरचा पगार तूच देणार. आणि साडेचार वर्षांवर राजीनामा? अरे, पाच पूर्ण झाली की तुझ्या बेसिकवर ३७,५०० रुपये ग्रॅच्युइटी बसते. सहा महिने कळ काढ.

टॅक्सची फार चिंता नको. पॅन दिलास तर बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर कापतील, रिटर्न भरून परत मागता येतो.

या सहा महिन्यांत दोन कामं कर. सुट्टीच्या दिवशी त्याच एरियात जाणाऱ्या गाडीत पुढे बसून फिर. निघताना किती पार्सलं होती आणि परत किती आली, दोन्ही आकडे लिहून आण. निदान एक फेरी भर पावसातली असू दे. दुसरं, हा एरिया तुझ्या आधी कुणाकडे होता आणि त्यानं का सोडला, ते त्यालाच गाठून विचार. डिपॉझिट परत मिळालं का, तेही. कंपनीच्या माणसाला विचारू नकोस. करार इंग्रजीत असेल, सही करण्याआधी त्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी वाचून कळवतो.